घोडेवाल्यांनी अ‍ॅफिलिएट मार्केटिंग करावं का? बेळगाव सीमाभागातल्या एका तबेल्यावरून

प्रश्न थोडक्यात असा आहे: निपाणीजवळ 4 घोडे आहेत. 2 वरातीला जातात, 2 घोड्यांवर मुलांना घोडेस्वारी शिकवली जाते. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत पैसा येतो, चातुर्मासात मात्र घोडे उभे राहून खातात आणि चंदीचा म्हणजे दाण्याचा खर्च घरातून घालावा लागतो. अ‍ॅफिलिएट मार्केटिंगमधून, म्हणजे ऑनलाइन दुकानाचा माल लोकांना सुचवून मिळणाऱ्या कमिशनमधून, महिन्याला 50 हजार सहज मिळतात असं व्हिडिओत सांगतात, ते आपल्याला जमेल का?

मी खानापूर रस्त्यावर छोटा तबेला चालवतो. घोड्यांत 19 वर्षं गेली, आणि हे कमिशनचं काम गेली 6 वर्षं करतोय. म्हणून आधी स्पष्ट सांगतो. 50 हजार डोक्यातून काढून टाका. नालबंदीचा खर्च, पावसाळ्यातल्या चंदीचा काही भाग, औषधपाण्याचा आधार, एवढं यातून निघू शकतं. तेही पहिलं वर्ष जवळजवळ फुकट राबल्यावर. एवढ्यावर समाधान असेल तर हे काम चांगलं आहे, कारण यासाठी लागणारं भांडवल तुमच्याकडे आधीपासून आहे. ते भांडवल म्हणजे तबेल्यावर येऊन लोक तुम्हाला विचारतात ते प्रश्न.

हे चालतं कसं ते एका परिच्छेदात सांगतो. एखाद्या ऑनलाइन दुकानाच्या योजनेत नाव नोंदवलं की ते तुम्हाला तुमच्या नावाची खूण असलेली लिंक देतं, ती आपण आपल्या व्हिडिओखाली ठेवायची. तुमच्या लिंकवरून कुणी दुकानात गेलं आणि ठरावीक मुदतीत खरेदी केली, तर किमतीचा काही टक्के भाग तुम्हाला मिळतो. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ही मुदत 24 तासांची आहे. माल परत गेला की कमिशनही परत जातं. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेलं चालत नाही, आणि सुरुवातीच्या 180 दिवसांत किमान 3 विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. कुणी 'आधी 5 हजार भरा, मग 3 माणसं आणा' म्हणत असेल तर ते अ‍ॅफिलिएट मार्केटिंग नव्हे, ती साखळी आहे. 2021 च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनी अशा पिरॅमिड योजनांवर बंदी घातली आहे. आपल्या भागातली कितीतरी पोरं हे दोन धंदे एकच समजून फसलेली मी पाहिली आहेत. या विषयाचे कोर्स विकणाऱ्यांनाही पैसे देऊ नका. त्या पैशांत घोड्यांना लस द्या.

आता खरा मुद्दा. विकायचं काय आणि कुणाला?

सुरुवातीला मीही चूक केली. मला वाटलं, माझे बघणारे म्हणजे घोडेवाले. पण वरातीचा घोडेवाला हरभरा आडत दुकानातून घेतो, कडबा शेतकऱ्याकडून घेतो, नाल नालबंद घेऊन येतो आणि झूल-तुरे तो शेजारच्या घोडेवाल्याकडूनच बनवून घेतो. तो ऑनलाइन काही घेत नाही, आणि त्यानं घ्यावं असा आग्रहही मला पटत नाही. ऑनलाइन खरेदी करणारे दोन वेगळे गट आहेत. एक म्हणजे शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाप. बेळगाव लष्कराचं गाव, इथे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. त्यामुळे मुलांना घोडेस्वारी शिकवावी असं वाटणारी कुटुंबं कॅम्प भागात आणि शहरातही बरीच आहेत. दुसरा गट म्हणजे हौसेनं पहिला घोडा घेणारे. ऊस बरा पिकला की चिकोडी, रायबाग, अथणीकडे कुणीतरी पोरासाठी एक शिंगरू आणून बांधतोच. त्याला खोगीर कुठलं घ्यायचं हे माहीत नसतं आणि विचारायला लाजही वाटते. तो रात्री मोबाइलवर शोधतो. तुमचं उत्तर त्याला तिथे सापडलं पाहिजे.

मुलांच्या बाबतीत पहिला प्रश्न हेल्मेटचा. मुलगा पहिल्या दिवशी सायकलचं हेल्मेट घेऊन येतो, नाहीतर बापाचं मोटारसायकलचं. दोन्ही चालत नाहीत. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं, त्यानं मानेवर ताण येतो. सायकलचं डोक्याच्या मागच्या भागाला नीट झाकत नाही. घोडेस्वारीच्या हेल्मेटच्या आत 'ईएन 1384', 'व्हीजी 1' किंवा 'एएसटीएम एफ 1163' या सुरक्षा मानकांपैकी काहीतरी छापलेलं असतं. त्यातली खूण कुठे पाहायची, कपाळावर ते दोन बोटं भुवईच्या वर कसं बसलं पाहिजे, पट्टा बांधून मान हलवल्यावर घसरता कामा नये, हे मी एका मुलाच्या डोक्यावर दाखवलं. व्हिडिओ 4 मिनिटांचा. डेकॅथलॉनच्या फूगान्झा या घोडेस्वारीच्या मालात आणि इतर दुकानांत काय मिळतं ते सांगितलं. बुटांचंही तसंच. तळ गुळगुळीत हवा आणि टाच थोडी उंच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जातो आणि पडलेलं पोर फरपटत जातं. हे ऐकल्यावर कुठलाही बाप बूट घेतो. त्याला विकावं लागत नाही.

हिशेबही डोळ्यांसमोर ठेवा. समजा हेल्मेट 3,000 रुपयांचं आहे आणि कमिशन 5 टक्के आहे. एका हेल्मेटमागे 150 रुपये. महिन्याला 20 हेल्मेटं गेली तर 3,000. पण 20 हेल्मेटं जायला किती लोकांनी तो व्हिडिओ बघावा लागतो याचा विचार करा. 100 जणांनी लिंक उघडली तर त्यातले 2-3 घेतात असं धरून चाललो तरी 20 विक्रीसाठी हजाराच्या आसपास माणसं लिंकपर्यंत आली पाहिजेत. म्हणून म्हणतो, पहिल्या वर्षी पैसे मोजू नका, प्रश्न मोजा.

माझा सगळ्यात चाललेला व्हिडिओ कशाचा आहे सांगू? टेपचा. घोड्याचं वजन काढायची एक जुनी पद्धत आहे. पुढच्या पायांच्या मागून, पाठीच्या उंचवट्याला लागून छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला 11,880 नं भागायचं. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर उत्तर 323 किलो येतं. हे मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा शिंप्याची टेप घेऊन उभा राहिलो आणि घोडीच्या छातीला ती पुरेचना. शिंप्याची टेप 60 इंच असते, म्हणजे 152 सेंटिमीटर. माझी घोडी 160 ची. सुतळी गुंडाळून, तिच्यावर खूण करून, मग जमिनीवर सुतळी मोजली. तो भाग मी व्हिडिओत तसाच ठेवला. खाली विचारणा सुरू झाली, 'मोठी टेप कुठे मिळेल?' टेपवर मिळणारं कमिशन चहाइतकंही नाही. पण वजन कळलं की जंताच्या औषधाचा डोस डॉक्टरांकडून नीट ठरवून घेता येतो. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे या घोडीला 5 ते साडेसहा किलो, हेही कळतं. माणूस एकदा टेपसाठी आला की पुढे अंग घासायच्या खराऱ्यासाठी, तोंडाला बांधायच्या मोरकीसाठी, दाणा खायला घालायच्या तोबऱ्यासाठी परत येतो.

खाण्याच्या विषयात मात्र जपून. इथे मी पैशापेक्षा घोडा बघतो, तुम्हीही तसंच करावं अशी माझी विनंती आहे. आपला भाग गाईम्हशींचा. पशुखाद्य आणि मिनरल मिक्श्चर जे मिळतं ते बहुतेक दुभत्या जनावरांसाठी बनलेलं असतं. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला ते चालतं, कोंबडीला चालतं, घोड्याच्या हृदयावर मात्र ते थेट घाला घालतं. थोड्या प्रमाणातही घोडा मरू शकतो. म्हणून गाईम्हशींच्या खाद्याची लिंक घोडेवाल्यांसमोर कधी ठेवू नका, कमिशन कितीही असो. पोतं उलटून त्यावरचा मजकूर वाचायला शिकवा. तीच गोष्ट कोंड्याची. गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून बरेच जण पाटीभर घालतात. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. महिनोन्महिने असंच चाललं की शरीर हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं, जबड्याची हाडं सुजतात आणि डोकं मोठं दिसायला लागतं. यावर मी व्हिडिओ केला तेव्हा त्याखाली एकही लिंक ठेवली नाही. पोटशूळ, धनुर्वात, ग्लँडर्स हे विषय डॉक्टरांचे आहेत. इंजेक्शन, प्रतिजैविकं, वेदनाशामक यांची लिंक तर हातात धरूच नका.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आजही जड जातं.

तिसऱ्या वर्षी एका विक्रेत्यानं नायलॉनचा तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, पाठवला. दिसायला सुबक, किंमत कमी, कमिशन इतर मालाच्या दुप्पट. मी तो 2 दिवस घोड्यावर बांधून पाहिला, चालवला अर्धा तास, आणि चांगला आहे म्हणून सांगून मोकळा झालो. लग्नसराई ऐन भरात असताना चिकोडीकडचा एक घोडेवाला टेम्पोत घोडी घालून थेट माझ्या दारात आला. काळी घोडी, अंगानं भरलेली. त्यानं तिचा पुढचा डावा पाय हळूच पुढे ओढला आणि मला वाकून बघायला सांगितलं. कोपराच्या मागे, कातडीची घडी पडते तिथे, केस गेले होते. रुपयाएवढी ओली जखम होती, तिच्या कडेनं तंगाच्या शिलाईची रेघ उमटली होती. मी बोट जवळ नेलं तशी घोडीनं कातडी थरथरवली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मामा, तुमच्या भरवशावर घेतला की ओ हा तंग," एवढंच तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

त्या तंगाचे मला 42 रुपये मिळाले होते. त्याची घोडी 3 आठवडे उभी राहिली, त्याच्या वराती गेल्या. मी त्याला माझी एक घोडी त्या दिवसांपुरती दिली, तंगाचे पैसे दिले, आणि रात्री बसून तो व्हिडिओ काढून टाकला. त्याऐवजी दुसरा केला, त्यात त्या जखमेचा फोटो दाखवला आणि माझी चूक सांगितली. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. घोड्याच्या अंगाला लागणारी कुठलीही वस्तू, मग तो तंग असो, खोगिराखालचा नमदा असो की लगामाची तोंडात जाणारी कडी, किमान 3 महिने माझ्या घोड्यावर घामात, पावसात वापरल्याशिवाय तिची लिंक द्यायची नाही. यामुळे माझ्याकडे लिंका कमी आहेत. आहेत त्या मात्र लोक डोळे झाकून उघडतात.

मोठ्या ऑनलाइन दुकानांवर घोड्याचा माल तसा थोडाच असतो, आणि आपल्या घोड्यांच्या मापाचा तर फारच कमी. विलायती घोड्यांच्या मापाची खोगिरं, मोरक्या आपल्या 14 हाताच्या (घोड्याच्या मापातला हात म्हणजे 4 इंच) आतल्या घोड्यांना ढगळ होतात. म्हणून माझी खरी कमाई या दुकानांतून होत नाही. ती होते थेट कारागिरांशी आणि छोट्या दुकानदारांशी केलेल्या बोलीतून. खोगीर-लगामाच्या चामड्याच्या कामात कानपूर मोठं, तिथून माल पाठवणारे बरेच आहेत. आणि आपल्या घरात अथणी आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली जीआय मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्ह्याचाही वाटा आहे. चपला शिवणारा हात मोरकी शिवू शकतो, रिकिबीची वादीही शिवू शकतो, फक्त त्याला माप द्यावं लागतं. मी माझ्या मापाची मोरकी नेऊन दाखवली आणि तशाच करून घेतल्या. अशा कारागिराकडे लिंकबिंकची यंत्रणा नसते, म्हणून एक शब्द ठरवायचा. गिऱ्हाइकानं ऑर्डर देताना तो शब्द सांगितला की त्याला थोडी सूट आणि तुम्हाला तुमचा वाटा. मी 10 टक्के मागतो. बोली तोंडी ठेवू नका. टक्के किती, हिशेब महिन्याच्या कोणत्या तारखेला, माल परत आला तर काय, हे कागदावर लिहून दोघांनी सही करा. ओळखीच्या माणसाशी तर नक्कीच लिहा, ओळख टिकते.

सीमाभागात राहण्याचा एक फायदा आपण पुरेसा वापरत नाही. आपल्याला दोन्ही भाषा येतात. मराठीत केलेला व्हिडिओ कोल्हापूर, सांगली, सोलापूरपर्यंत जातो, कन्नडमध्ये केलेला विजापूर, बागलकोट, धारवाडपर्यंत. घोडा तोच, खरारा तोच, बोलायचं दोनदा. पण एकाच व्हिडिओत दोन्ही भाषांची भेळ करू नका, दोन्हीकडची माणसं मधेच सोडून जातात. शीर्षकात 'घोडा' लिहा, कन्नड व्हिडिओच्या शीर्षकात 'कुदुरे' लिहा, आणि बरेच जण रोमन लिपीत लिहून शोधतात हेही ध्यानात ठेवा.

विषय ऋतूप्रमाणे निवडा. पावसाळ्यात खानापूरकडच्या दमट हवेत खोगिराला 4 दिवसांत बुरशी धरते, आणि चिखलात उभ्या घोड्याच्या खुराच्या तळाशी मधला मऊ भाग कुजून घाण वास येतो. खूर साफ करायचा हूक, चामड्याचा साबण, चामड्याला लावायचं तेल, हे तेव्हाच दाखवायचं. तुमचे घोडे चातुर्मासात रिकामे असतात म्हणून खंत करता ना, तेच दिवस चित्रीकरणाचे. खंडेनवमीला घोडे न्हाऊन निघतात, लग्नसराईची तयारी सुरू होते, त्याच्या महिनाभर आधी खोगीर-लगामाचे व्हिडिओ तयार पाहिजेत. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला आणि डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला गेलात तर विकायला जाऊ नका, ऐकायला जा. तिथे लोक एकमेकांना काय विचारतात ते वहीत लिहून आणा. वर्षाचे विषय मिळतात.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी आळंदीला जातात, माऊलींच्या पालखीपुढे चालतात, रिंगणात धावतात. आपल्या जिल्ह्याचा तो मान आहे. त्या अश्वांचा व्हिडिओ खूप बघितला जाईल हे मलाही माहीत आहे. तो काढा, श्रद्धेनं दाखवा, पण त्याखाली लिंक टाकू नका. लांबच्या डांबरी वाटेवर चालणाऱ्या घोड्याचे खूर कसे जपावेत हा वेगळा व्हिडिओ करा, त्यात हवी ती वस्तू सांगा.

कायद्याचं थोडक्यात. लिंकमधून मला कमिशन मिळतं हे सांगणं बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मराठी व्हिडिओत मराठीतच, सुरुवातीलाच सांगा. मी म्हणतो, "खालच्या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत वाढत नाही." यानं गिऱ्हाईक पळत नाही, उलट विश्वास बसतो. अ‍ॅमेझॉनच्या लिंका छापील पत्रकात किंवा एसएमएसमधून वाटायला त्यांची मनाई आहे. योजनेच्या अटी एकदा बसून वाचाच. पॅन द्यावा लागतो. कमिशनवरचा टीडीएस ऑक्टोबर 2024 पासून 5 वरून 2 टक्क्यांवर आला आहे. हे उत्पन्न वरातीच्या आणि क्लासच्या उत्पन्नाबरोबर विवरणपत्रात दाखवायचं असतं. सगळी मिळून सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची साधारणपणे गरज पडत नाही, तरी तुमच्या करसल्लागाराला एकदा विचारा.

तुमच्यासाठी सुरुवात मी अशी सुचवीन. येते 15 दिवस तबेल्यात एक वही टांगा. फोनवर, वरातीत, क्लासला, जो कुणी घोड्याबद्दल काही विचारेल ते तारखेसह लिहा. मोतद्दारालाही, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या गड्यालाही, सांगून ठेवा, लोक त्याला जास्त विचारतात. 15 दिवसांनी जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला असेल त्याचा पहिला व्हिडिओ. सकाळी 8 च्या आत काढा, उन्हाची तिरीप आडवी असते, घोड्याचं अंग नीट दिसतं आणि माश्या कमी असल्यानं तो शांत उभा राहतो. वजन मोजून दाखवणार असाल तर घोडा सपाट जमिनीवर, चारही पाय सारखे टेकवून उभा करा आणि 3 वेळा मोजून मधला आकडा घ्या. श्वास आत असताना आणि बाहेर असताना घेरात फरक पडतो.